पाच दिवसांचा गणपती, तिसऱ्या दिवशी

२८ ऑगस्ट. पंचमी
देवावर टांगलेली फळांची माटोळी हलली. आधी वाटलं वारा. पण खिडक्या बंद होत्या, आणि नारळ, काकड्या, तोरिंजनाची फळं सगळी एकाच बाजूला जाऊन परत येत होती. मग पायाखालची फरशी. देवापुढे एक तोरिंजन पडलं. आई, म्हणजे सासूबाई, फुलं निवडत होत्या. डोकं धरून म्हणाल्या, "म्हाका घुंवळ येता काय गो?" मी त्यांना उठवलं. 
जिन्यात पहिल्या मजल्यावरची जोसेफीनबाय भेटली. आई गणपतीकडे मागे वळून बघत होत्या. ती म्हणाली, "मावशे, म्हजो हात धर. देव स्वताक सांबाळटलो."
भूकंप घाटापलीकडे कुठेतरी झाला म्हणे, इथे नुसता धक्का. कुणाला लागलं नाही. सारखं तेच मनात: कुणाला लागलं नाही.
खाली पार्किंगमधल्या एका खांबाचा गिलावा उतरलाय. आतली सळी दिसते, तांबडी, गंजलेली.

२९ ऑगस्ट
इंजिनियर आला. हातोडीने खांब वाजवत फिरला. एका खांबाशी परत परत. संध्याकाळपर्यंत बिल्डिंग रिकामी करा म्हणाला. टेकू लावणार, मग दुरुस्ती. किती दिवस, सांगत नाही. डिचोलीच्या बाजारातल्या आणखी दोन बिल्डिंगींना असंच सांगितलंय.
सगळे सामान बांधायला लागले. आई देवासमोर बसून. "पाच दिसांचो म्हणून हाडलो. आतां तिसऱ्या दिसा ऊठ म्हण कशें सांगूं?"
भटजींना फोन केला. म्हणाले, उत्तरपूजा करा, दोष नाही. आईंना सांगितलं. "भटाक किदें? ताचो गणपती थंय बसला."
नवऱ्याला, वि.ला, फोन लागला नाही. त्याची बोट कुठल्या समुद्रात, देव जाणे. ठरवायचं मीच.
मग आमोण्याला फोन केला, मोठ्या जावेला, वैनीला. शेताच्या वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि वि.ने गणपती वेगळा करून इथे फ्लॅटात आणला, त्याला सात वर्षं झाली. लग्नाकार्यात बोलतो. चतुर्थीला नाही. गणपतीच्या दिवसांत त्या घराची पायरी चढलेली नाही मी. आईसुद्धा नाही.
फोन वाजत होता तेव्हा वाटलं, उचलला नाही तर बरं.
वैनी सावंतवाडीची, तिची बोली अजून तीच. सगळं ऐकून घेतलं. मग, "फोन करूक तुका भूकंप लागलो गो?"
मी परत खांबाचं सांगायला लागले. तिने तोडलं.
"टेम्पो धाडतंय. आयेक सांग, लुगडी चार जास्ती घे म्हणान."

२९ ऑगस्ट, पुन्हा
आईंनी स्वतःच अक्षता टाकल्या. माझ्याकडे न बघता मूर्ती हलवली. एवढंच पुटपुटल्या, "राग धरूं नाका." देवाला की आम्हाला, कळलं नाही. टेम्पोत मूर्ती माझ्या मांडीवर. 
दादा, म्हणजे मोठे दीर, पावसात रस्त्यावर येऊन उभे. मूर्ती माझ्याकडून डोक्यावर घेतली. आईंना म्हणाले, "निसरडें आसा. सांबाळून." सात वर्षांनी चतुर्थीला आलो, आणि हेच.
तिथूनच आमचा गणपती नदीवर पोचवला, विसर्जन केलं. आई काठावर उभ्याच राहिल्या, पाण्याकडे बघत.

३० ऑगस्ट
दादांचा गणपती पाच दिवसांचा. अजून बसलेला आहे. काल घरात शिरताना आईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आज सकाळी उठून बघते तर त्या त्याच्यासमोर दूर्वा मोजत बसलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं.
आरतीला दादांनी ताम्हन हातात घेतलं आणि थांबले. सगळेच थांबले. मग आईंनी सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीला फुटला, दुसरीला लागला.
मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे वैनी पदराने तोंड पुसत होती. म्हणाली, "धूर किती झालो बघ." चूल पेटलेलीच नव्हती.

३१ ऑगस्ट
विसर्जनाहून येताना आई म्हणाल्या, "पाच जाले." बस्स. रात्री पोटभर जेवल्या.

४ सप्टेंबर
डिचोलीला जाऊन आले. पार्किंगमध्ये लोखंडी टेकूंची रांग. वर जायला दहा मिनिटं दिली. हॉलच्या भिंतीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग, निघताना केसाएवढी होती. पुस्तकांचं कपाट मजुरांनी आडवं केलेलं. माझ्या गोष्टींची बाडं भिजलेली नाहीत. देवाची जागा रिकामी, खाली वाळलेल्या दूर्वा. त्या उचलून आणल्या, उगाचच.
एवढ्या घरांपैकी एकही माणूस कमी झालं नाही. जिना उतरताना प्रत्येक दाराला मनातल्या मनात हात लावला.

११ सप्टेंबर
जोसेफीनबायचा म्हापशाहून फोन, भावाकडे आहे. आधी आईंची चौकशी. मग, "तुमचो देव बरो पावलो मगो?" म्हटलं, पावला. "आमचो हांगा कपाटार बसला. वयनी रोज विचारता, केन्ना वतलो." म्हणजे भावाची बायको विचारते, तुमचा देव कधी जाणार. खूप हसलो दोघी.

१६ सप्टेंबर
नदीतून बार्ज धडधडत गेली की अजून दचकते. झोपताना वर बघते. इथे कौलं, तरी बघते.
लिहायला बसले, काही सुचलं नाही. वैनीला खोबरं किसून देते म्हटलं. "सात वर्सां झाली, अजून तशीच किसतंस. बोटां ठेव जाग्यार." विळी हातातून काढून घेतली. मग परत दिली.
आम्ही कधी जाणार, हे या घरात एकदाही कुणी विचारलेलं नाही. दादांनी आमच्या खोलीत पंखा नवीन लावला.

२५ सप्टेंबर
वि.चा फोन. भावाशी बोलला. काय बोलला ते माहीत नाही, दादा मळ्याकडे चालत गेले फोन घेऊन. आल्यावर म्हणाले, "ताणें आयचें जेवण विचारलें. म्हटलें, जेवता बरें."

१० ऑक्टोबर, शुक्रवार
इंजिनियरचा फोन. खांबाला नवीन सळ्या आणि काँक्रीटचा वेढा झाला. दिवाळीपर्यंत राहायला या. देवा, पुन्हा एकदा सांगायला लावलं.
मग म्हणाला, एक विचारायचं राहिलं. आमच्या बिल्डिंगीत जवळजवळ प्रत्येक हॉलच्या बीमला माटोळीच्या हूकसाठी भोकं पाडलेली. बिल्डिंग त्याने पडत नसते, पण तो हसत होता, "बीमच मिळाला सगळ्यांना." ती सगळी बुजवतोय. "तुम्हाला हूक हवे असतील तर आत्ताच सांगा. नीट बसवून देतो. एकदा बंद केलं की पुन्हा बीमला हात लावू देणार नाही. सोमवारपर्यंत कळवा."
फोन स्पीकरवर होता. वैनी ओट्याशी. हूक म्हणजे पुढल्या वर्षी गणपती पुन्हा फ्लॅटात. मी तिच्याकडे बघितलं. "माका काय इचारतंस? घर तुजा," म्हणाली, आणि धुतलेलंच पातेलं परत धुवायला घेतलं.
दादा अंगणात भात वाळत घालत होते. हात थांबले, पण आत आले नाहीत.
आई दारात बसलेल्या. कुणाला उद्देशून नव्हे, "दोन घरांनी पाच-पाच दीस हांव कशी पुरतलीं?"
वि.ला विचारायला हवं. विचारीन. पण तो म्हणेल, तू सांग.
आज शुक्रवार.