फुकटची वीज

ता. १२, शनिवार संध्याकाळ

ती. दादास नमस्कार,

इकडे सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबांच्या गुडघ्याला नव्या तेलाने थोडा उतार आहे. वहिनीचा खोकला थांबला का? एवढं विचारून झालं, आता मुद्द्यावर येते. फोनवर तू हसतोस, "साहेब, तापू नका" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं गप्प करता येत नाही.

दादा, तू बाबांना त्यांची टॅक्सी विकायला का लावतो आहेस?

गेल्या रविवारी जेवताना तू काय म्हणालास ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "बाबा, ती पेट्रोलची म्हातारी काढून टाका. दिवसभर कमावता आणि निम्मं तिच्याच घशात ओतता. माझी विजेवरची बघा, पाण्याच्या भावात पळते!" बाबा माझ्याकडे वळले. "काय गं, तू हिशेबातली. खरं का?" मी ताटाकडे बघत म्हटलं, "वीज पेट्रोलपेक्षा स्वस्तच असते." वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला जास्त टोचतं.

पूर्ण वाक्य असं आहे. घरच्या मीटरवर रात्रभर गाडी लावली तर पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. रस्त्यावरच्या झटपट चार्जरवर लावली तर पेट्रोलइतकाच खर्च येतो, गर्दीच्या वेळी थोडा वरच. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, गाडी उभी असते गल्लीत. जिन्यातला दिवा जरा जास्त जळला तरी घरमालक ओरडतो, तो काय गाडीसाठी खाली वायर सोडू देणार! म्हणजे बाबांच्या नशिबी कोपऱ्यावरचा चार्जर आणि तिथली रांग. रांगेत उभ्या गाडीला भाडं मिळत नाही, हे टॅक्सीवाल्याला मी सांगायचं?

आणि तुझी पाण्याच्या भावात पळते ती कोणाच्या पाण्यावर? माझ्या ऑफिसच्या. आवारातल्या चार्जिंगचं ते कार्ड आम्हा सगळ्याच कर्मचाऱ्यांना मिळतं, पण फक्त स्वतःच्या गाडीसाठी. "एकदाच दे, अडलंय" म्हणून नेलंस ते अजून तुझ्याच खिशात आहे. मागितलं की म्हणतोस, "तुझ्या शाळेपायी मी आठवीत दप्तर टाकून स्टिअरिंग धरलं, आणि तुझ्याने एक कार्ड सुटत नाही?" यावर मी कार्ड मागणं सोडून देते. तुला ते माहीत आहे, म्हणून तर म्हणतोस. तुझे उपकार मी नाकारत नाही रे. माझं जे असेल ते माग. ऑफिसचं मी काय म्हणून देऊ?

तुझ्या मनात पाप आहे असंही मला वाटत नाही. फुकट मिळालं की माणसाला ती आपली हुशारी वाटायला लागते, एवढंच. पण त्या हुशारीवर म्हाताऱ्या माणसाची रोजी लावायची?

परवा ऑफिसच्या फाटकावरचे वॉचमनकाका चार्जिंगच्या वहीत माझं नाव बघून म्हणाले, "ताई, हल्ली बसलाही चार्जिंग लागतं वाटतं?" मी रोज बसने येते ते त्यांना दिसतं. ते हसले.

कार्ड आता चालणार नाही. आज लावून बघितलं असशील तर कळलंच असेल. मला कोणी पकडलं नाही. मीच काल साहेबांकडे जाऊन सांगितलं. वापरलेल्या विजेचे पैसे माझ्या पगारातून कापून घेतील. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

इथेच थांबणार होते. पण अर्धं सांगायची सवय वाईट, गेल्या रविवारपासून ती मला चांगली कळली आहे. या महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते. ते आता होणार नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. बाबा शेजारपाजारी आधीच सांगून बसलेत, आमची पोरगी पक्की झाली म्हणून. त्यांना मी अजून काही बोललेले नाही.

सोमवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार. बाबा सकाळपासून तिला पुसतायत, लेक सासरी धाडावी तसे. उद्या जेवायला येशील तेव्हा तूच त्यांना खरं सांगावंस, म्हणून हे पत्र आजच तुझ्या दारात टाकणार होते.

पण आत्ता लिहितालिहिता बाबा वर आले आणि शेजारीच बसले.

"कोणाला गं?"

"दादाला."

"एवढं लांबलचक? मग वाच की मोठ्याने."

तुला ठाऊकच आहे, त्यांना अक्षर येत नाही. या घरातून गेलेलं आणि घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच त्यांना वाचून दाखवते, आणि एकही ओळ गाळायची नाही हा नियम त्यांनीच घालून दिलेला. मी म्हटलं, "सही करते, मग वाचते." त्यांनी रेडिओ बंद केला आहे.

दादा, तुझ्याआधी हे ते ऐकतील.

चिडलेली, तरी तुझीच,
धाकटी