डोर्फलर बेकर्स चेंडू सोडत नाहीत

केटलब्रुक, विस्कॉन्सिन
फेब्रुवारी १९४८

प्रिय हेडविगताईस,

धाकट्या क्लाराचा नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि रासीनची थंडी, तिन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करते. आमच्या तब्येती ठणठणीत आहेत, डोकं तेवढं माझं ठिकाणावर नाही.

ह्यांनी बास्केटबॉलचा संघ काढला तेव्हा तूच म्हणालीस, पुरुषाला काहीतरी छंद हवा. अगं, छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणं. पाच पगारी खेळाडू घरात आणून ठेवणं म्हणजे छंद नव्हे! दिवसा ते आमच्या बेकरीत राय धान्याचे पाव भाजतात, संध्याकाळी छातीवर ‘डोर्फलर बेकर्स’ मिरवत खेळतात आणि उरलेल्या वेळात माझं स्वयंपाकघर साफ करतात. (झाडून नव्हे, खाऊन.) त्यातला आर्व्हिड सगळ्यांत उंच. दाराच्या चौकटीवर रोज कपाळ आपटतो आणि वर चौकटीचीच माफी मागतो. पोरगा गुणी आहे, पण मी जिन्याखालून ओरडल्याशिवाय ढिम्म हलत नाही.

एवढं सगळं मी सोसलं असतं. पण ह्यांनी नियमांचं पुस्तक वाचलं. चेंडू किती वेळात जाळीकडे फेकायचा हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही, असा शोध लावला. झालं! आपला संघ एका गुणाने पुढे गेला की हे कान खाजवतात. ती खूण. मग आर्व्हिड चेंडू काखेत मारून उभा राहतो तो उभाच. “पीठ फुगायला ठेवलं की बोट घालू नये,” हे ह्यांचं तत्त्वज्ञान. आम्ही जिंकत होतो आणि हॉल रिकामा होत होता. बायका विणकाम आणायला लागल्या, शेजारच्या बाउमानने तर एका सामन्यात अख्खं वर्तमानपत्र संपवलं, हवामानासकट.

शेवटी लीगकडून एक साहेब आले. त्यांनी सरळ सांगितलं, हा खेळ असाच चालला तर लीगमधून तुमच्या संघाचं नाव काढून टाकू. ह्यांनी छातीवर हात ठेवून वचन दिलं. शुक्रवारी साहेब पहिल्या रांगेत बसले, आम्ही एका गुणाने पुढे गेलो आणि (तू ओळखलंसच) ह्यांचा कान खाजला. आर्व्हिड नेमका माझ्यासमोर येऊन थांबला. साहेबांची मान पेंगून छातीवर पडली. माझं डोकंच फिरलं. “अरे ठोंब्या, फेक तो चेंडू! नाहीतर आज जेवण नाही!” त्याने दचकून जो फेकला, तो थेट समोरच्या संघाच्या हातात. मग काय पळापळ, काय आरडाओरडा! आम्ही दोन गुणांनी हरलो, पण लोक खुर्च्यांवर चढून नाचत होते.

घरी आल्यावर हे बोलले ते एवढंच, “तू यापुढे सामन्याला यायचं नाहीस.” साहेब म्हणाले, एका सामन्यावरून ठरवणार नाही; येत्या रविवारी रासीनला पुन्हा बघेन, तिथे झोप लागली तर संघ बंद. होऊ दे बंद! घर तरी माझं मला परत मिळेल.

तुझी वैतागलेली,
क्लारा

ता. क. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस. ते ह्यांना कळवतील.

पुन्हा ता. क. ताई, रविवारी सामन्याला जा. अगदी कडेची जागा धर. ह्यांचा हात कानाकडे गेला की आईसारखी ओरड. तिचा आवाज आपल्या दोघींकडे आलाय, आर्व्हिडला तुझ्यामाझ्यातला फरक कळायचा नाही. हरले तरी चालतील, पण संघ राहिला पाहिजे गं. काल पाचही जण सरावाला गेले होते, तर मला एकटीला घास गिळवेना.