‘बराबर हाय’ सांगणारी डबी

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

शी! पाहुणे जाऊन दोन तास झाले, तरी अंगावरची शिसारी जात न्हाई.

बघायला आल्ते जालन्याहून. सगळे जीपमध्ये, आणि नवरदेव बद्रीनाथ मात्र हजार सीसीच्या मोटरसायकलवर — तीर्थपुरीच्या गल्लीत! बाप ठेकेदार. पोरगा पूर्ण वेळ गाडीबद्दलच बोलला. दसऱ्यापासून तिची बिघाडाची लाईट लागून राह्यली म्हणे. मला एक प्रश्न न्हाई. त्याच्या आईनं, झुंबरबाईंनी, विचारलं, “नोकरी सोडशील ना गं?” माझं तोंड उघडायच्या आधी रामराव काका — “सोडल की! बिलकुल सोडल!”

बियाणं कंपनीच्या लॅबमधली नोकरी माझी. रोज टेम्पोत धक्के मी खाते. सोडणारे हे कोण?

आई फरशीकडं बघत बसल्ती.

१३ ऑक्टोबर

काकांनी परस्पर होकार कळवला! आई भाकरी थापत होती. थापतच राह्यली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज बद्रीनाथ एमआयडीसीत आला, आमच्या कंपनीच्या गेटवर. गाडी दाखवायला. खास मला न्हाई — गेटवर मी दिसले म्हणून मला!

गाडी लांबूनच कळली. कानठळ्या बसल्या. चहावाल्याच्या हातातली गाळणी खाली पडली. मी म्हटलं, त्या दिवशी तर एवढा आवाज नव्हता? मंग काय, स्वारी खुलली.

सायलेन्सरमध्ये म्हणे एक झडप असते. छोटी मोटर तारांनी तिला उघडते-मिटते, म्हणून आवाज आटोक्यात राहतो. ती झडप अडकली, म्हणून लाईट. “मंग मी झडपच उघडी बांधून टाकली! मोटरची वायर काढली अन् तिथं ही डबी लावली. मुंबईहून मागवली.” काड्यापेटीएवढी डबी. करते काय? तर गाडीच्या कॉम्प्युटरला सारखी सांगते — झडप बराबर हाय, उघडून-मिटून राह्यली! कॉम्प्युटर ऐकतो, लाईट बंद.

“पण झडप अडकली कशानं?” मी वाकून पाह्यलं. झडपेच्या चाकात, तारेसोबत, खंडेनवमीच्या पूजेचा लाल दोरा गच्च गुंडाळलेला. त्यावर हळदीकुंकवाचा वाळलेला लगदा. झुंबरबाईंनी हौसेनं बांधला असणार, आणि हे महाराज सोडायचा विसरून निघाले गावभर!

“अहो, हा दोरा काढा ना. मोकळी होईल.”

हसला. “आता कशाला? लाईट लागते का? न्हाई ना! मंग झालं.”

आणि पुन्हा रेस केली. वॉचमनच्या तोंडासमोर! त्या म्हाताऱ्यानं कान झाकले, तर हा त्याच्याकडं बघून मूठ अजून पिळतो. किळस आली मला. खरंच किळस. ह्या माणसासोबत जन्म काढायचा?

२६ ऑक्टोबर

रात्रभर तेच डोक्यात. आमच्या घरात काय वेगळं चाललंय? माझी वायर काढली अन् तिथं रामराव काका लावले! कुणीबी विचारा — पोरगी खुश हाय, बराबर हाय.

माझंच मला हसू आलं. मंग लई राग आला.

२ नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं. सरळ. मला तो नको. आवाजाचं सांगितलं, वॉचमनचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं.

आई म्हणते, “काकांनी शब्द दिलाय. तुझ्या बापामागं त्यांनीच सांभाळलं आपल्याला. मी कोणत्या तोंडानं बोलू?”

“मंग माझं तोंड तरी उघडू दे!”

“हळू बोल. बैठकीत ऐकू जातं.”

हळू! अख्खी एमआयडीसी त्याचा धिंगाणा ऐकते, आणि मी हळू बोलायचं! काकांची चीड येते, पण आईची जास्त येते. जेवले न्हाई. तिनंबी विचारलं न्हाई.

९ नोव्हेंबर

साडी दाखवायला झुंबरबाई आल्त्या. तो पण. अंगणात मुद्दाम रेस! वासरानं दावं तोडलं, धडपडत भिंतीवर आदळलं, गुडघा फुटला. आई हळद घेऊन धावली. आणि काका? टाळ्या! “आवाज हाय का काय जावईबापूच्या गाडीला!”

झुंबरबाईंना मी हळूच दोऱ्याचं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. “माझ्यानं झालं? मला तर म्हणला, कंपनीनंच खराब दिली.” मंग इकडं-तिकडं बघून — “जाऊ दे बाई. त्याला काही बोलू नको. भडकतो.”

सख्ख्या आईला धाक! पुढं माझं काय होणार ते कळलं.

आई वासराच्या गुडघ्याला फडकं बांधत होती. तिनं हे सगळं ऐकलं. गाठ मारली अन् आत निघून गेली. नेहमीसारखं.

१५ नोव्हेंबर

उद्या सुपारी फुटणार, म्हणजे लग्न पक्कं. मी सगळ्यांसमोर बोलणार. बोलणारच!

१६ नोव्हेंबर, रविवार

बोलता आलं न्हाई. एवढी माणसं बघून चहाचे कपच वाटत राह्यले. काका म्हणाले, “पोरगी खुश हाय. फोडा जल्दी.”

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत, पहिल्यांदा. ताटातली सुपारी उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली.

“नंदाबाई!” काका ओरडले.

आईनं त्यांच्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. माझ्याकडं वळून म्हणाली, “शिवकन्या, आता मोठ्यानं बोल.”

मी मोठ्यानं बोलले.