मुकी दाखवलेली मिरेय

सेंट अडेल, मेन
१२ ऑक्टोबर

ताईस,

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बटाट्याची काढणी उरकत आली. रेआलची कंबर धरली आहे, पण ती दर वर्षीच धरते. नदीवर सकाळचं धुकं पडायला लागलंय. तुझा दमा कसा आहे? थंडीत जप.

एवढं विचारायची रीत आहे, म्हणून विचारलं.

गुरुवारी तू फोन केलास तेव्हा मी शेतावर यंत्रामागे उभी राहून बटाट्यांतले दगड वेचत होते. फोन रेआलने घेतला. त्याने तुझा निरोप मला गाळून सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला गाळता येत नाही हे तुला माहीत आहे. "ओडीलने सगळ्याची वाट लावली. माझी नोकरी तिने घालवली. सख्खी बहीण असून!" असं तू म्हणालीस. बरं. तुझ्या टीव्ही केंद्राच्या व्हिटकोम साहेबांनी तुला सभेतलं अर्धंच सांगितलेलं दिसतंय. उरलेलं मी सांगते. तू स्वतः आली असतीस तर ही वेळ आली नसती. पण तू आली नाहीस. आपल्याच गावात यायचं तर तुला नेमका दमा होतो.

तुझं पत्र आलं तेव्हाच मी रेआलला म्हटलं होतं, आपल्या मिरेयला मी नेणार नाही. काय लिहिलं होतंस? "लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचं सरकारी अनुदान मध्येच थांबवलंय. सिनेटरबाईंची माणसं गावोगाव लोकांचं म्हणणं ऐकायला येतायत. तू आणि मिरेय पुढच्या रांगेत बसा. मिरेयवरची फिल्म लावू, मग ती उठून दोन वाक्यं बोलेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." पाणी कुणाच्या डोळ्यांत आणायचं, हे तू आधीच ठरवून टाकलं होतंस.

मी एकटीच गेले. चर्चच्या हॉलमध्ये अर्धं गाव होतं. सिनेटरबाईंकडून एक तरुण मुलगी आली होती, साधी, ऐकून घेणारी. साहेबांनी पडदा लावून ठेवला होता. मला बघून पुढे आले.

"मिसेस थिबोडो! आणि आपली छोटी स्टार कुठंय?"

"घरी आहे. आणि ही फिल्म लावायची नाही."

ते हसले. "अहो, या फिल्मवरच तर आपल्याला अनुदान मिळालं होतं."

"म्हणूनच."

आमचं बोलणं त्या मुलीने ऐकलं. तिने मला बोलावून विचारलं, काय अडचण आहे? तेव्हा मी गावासमोर बोलले. जे बोलले ते तुला लिहून कळवते, म्हणजे उद्या तू कुणाला वेगळं सांगणार नाहीस.

मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी माझी बहीण कॅमेरा घेऊन माझ्या घरी आली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला चित्रं दाखवून इंग्रजीत विचारलं, हे काय? बटाट्याचं चित्र आलं, तेव्हा ती खणखणीत "पाताट" म्हणाली. आमच्या घरच्या फ्रेंचमध्ये बटाट्याला पाताटच म्हणतात. तिच्या आजोबांच्या घरातही तेच म्हणायचे. फिल्ममध्ये तिचं तोंड उघडतं, आणि शब्द निघतो तिथे तुम्ही पियानो घातलात. वरून एक बाई गंभीर आवाजात सांगते की या मुलीजवळ वयाच्या मानाने निम्मेच शब्द आहेत आणि या घरात एकही पुस्तक नाही. पुस्तकं वरच्या खोलीत होती. वर कुणी गेलंच नाही.

ताई, तू कॅमेऱ्याच्या मागे उभी होतीस. ती पाताट म्हणाली तेव्हा तू हसलीस. मी तुला हसताना पाहिलं.

मग हॉलमध्ये सिनेटरबाईंकडच्या त्या मुलीने विचारलं, "म्हणजे तुम्हाला हे अनुदान नको आहे का?"

हे साहेबांनी तुला सांगितलं नसेल. मी म्हटलं, हवं आहे. प्लूर्दबाई वाचनालयात शनिवारी मुलांना जमवतात, टीव्हीवरच्या गोष्टी दाखवतात, मग त्याच गोष्टी त्यांच्याकडून करून घेतात, ते सगळं या पैशावर चालतं. इथे हिवाळ्यात चार वर्षांच्या पोराला न्यायला दुसरी जागा नाही. माझी मुलगी शनिवारची वाट बघते. ते बंद करू नका. पण त्यासाठी माझी मुलगी मुकी दाखवायची नाही.

एवढंच बोलले. साहेबांचं तोंड लाल झालं होतं. बाहेर निघताना म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "हो. तुम्हाला कळतंय का?" आणि घरी आले.

अनुदान माझ्या बोलण्याने थांबलेलं नाही. ते उन्हाळ्याच्या आधीच थांबलं होतं. तुझी नोकरी घालवली ती वॉशिंग्टनने. माझ्यावर ओरडणं सोपं आहे, कारण मी फोन उचलते.

आता तू म्हणशील, एका शब्दासाठी एवढा राग? फिल्म लागली त्या आठवड्यात दुकानात गेले तर ल्युसियनची बायको मला म्हणाली, "मुलीशी जरा बोलत जा गं, टीव्हीवर दाखवतात ते बघून वाईट वाटतं." चांगल्या मनाने म्हणाली. त्या रात्री मी ठरवलं की मिरेयशी आता इंग्रजीतच बोलायचं. रेआललाही तसंच सांगितलं. तू फोनवर म्हणालीस, "बरं केलंस, आता ती मागे पडणार नाही."

ती मागे पडली नाही. सहा महिन्यांत आमची भाषा तिच्या तोंडून गेली. पोरं किती भराभर विसरतात!

आता ते, जे मी तुला मार्चमध्ये सांगितलं नाही. पापा गेले, त्यांच्या दफनानंतर तू स्वयंपाकघरात मला विचारलंस, "शेवटी काही बोलले का?" मी नाही म्हटलं. बोलले होते. मेंदूच्या झटक्यानंतर त्यांचं इंग्रजी गेलं होतं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला त्याचा अर्थ कळला नाही, कारण तू दोन दिवसांत परत गेलीस. शेवटच्या आठवड्यात मिरेय तिच्या या आजोबांच्या, पेपेरच्या, पलंगावर बसायची. एक दिवस त्यांनी तिला आमच्या भाषेत विचारलं, बाहेर बर्फ पडतंय का? ती माझ्याकडे वळली. "ममा, पेपेर काय म्हणतायत?"

त्यांनी ते ऐकलं. मग त्यांनी तिच्यासाठी इंग्रजीतला बर्फाचा शब्द शोधायला सुरुवात केली. शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल ज्यांना फळ्याकडे तोंड करून उभं केलं होतं, ते पापा. ओठ हलत होते, पण शब्द सापडेना. मी सांगायला हवा होता, पण मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. शेवटी त्यांनी हात हलवून सोडून दिलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. खुणा करायचे.

हे तू ऐकायला हवंस म्हणून लिहिलं. मला तुझं रडणं नको आहे.

मी आता पुन्हा तिच्याशी आपल्या भाषेत बोलायला लागले आहे. ती कानांवर हात ठेवते. "तसं बोलू नकोस, वेड्यासारखं वाटतं," म्हणते. काल तव्यावर प्लॉयची धिरडी भाजताना मी पापांचं ते बदकाचं गाणं म्हणत होते, तर ती दार लावून निघून गेली. मी म्हणतच राहिले. अजून म्हणणार आहे.

शनिवारचा वर्ग या महिन्याअखेर बंद होतोय. प्लूर्दबाई खोकी भरतायत. त्यांना मी मदत करायला जाते. तुला त्यांच्याबद्दल वाईट वाटत असेल तर त्यांना लिही, मला नको.

नाताळला येऊ नकोस. तू फिल्मची एक प्रत पाठवली होतीस, ती मिरेयला सापडली. ती लावून बघितली आणि मला विचारलं, "मी इथे तोंड उघडते, मग बोलत का नाही?" मी म्हटलं, मावशीला विचार. तेव्हा उत्तर तू दे. फोनवर नको, फोनवर तू विषय बदलतेस. लिहून पाठव, तिच्या नावाने. प्लूर्दबाईंच्या शनिवारांमुळे तिला आता वाचता येतं.

ओडील