नानासोंच्या मोटारीचं दुखणं

मळेवाडी,
ता. १४ ऑक्टोबर १९४६

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या शालूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडं सगळी खुशाल आहेत. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण तीन महिन्यांत तुझं साधं कार्ड नाही. लढाईवर होतास तेव्हा इटलीहून पंधरवड्याला पत्र यायचं. साताऱ्याच्या मोटार कारखान्यातून यायला मात्र समुद्र आडवा येतो वाटतं.

पत्राला कारण असं, की आमच्या घरी मोटार आली आहे. मामंजींनी औंधाकडच्या एका वकिलाची घेतली. चार दारांची, काळी, लढाईच्या आधीची. चालवायलाही शिकले, या वयात. लोकांना सांगतात, सांगलीच्या पेठेत गुळाचा भाव बघायला जायला लागते. पण यंदाचा गूळ निघायला अजून दोन महिने आहेत आणि मला सातवा सरत आलाय. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, की पहिल्या खेपेसारखंच मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की दोन तासांत इथं पोचायला पाहिजे. सांगली पंचवीस मैल. मोटार कुणासाठी आली हे मला कुणी तोंडावर सांगत नाही, पण मला काय कळत नाही होय?

आणि ही मोटार दसऱ्यापासनं दर सहा मैलांना बंद पडते. जरा विसावली की पुन्हा चालते, पुन्हा सहा मैलांवर बसते. इस्लामपूरचा मेस्त्री दोनदा बघून गेला. तो म्हणतो, सगळं इंजिन खोलायचं, महिना-दीड महिना लागंल. तेवढे दिवस माझ्यापाशी कुठं आहेत?

तुला लिही असं मामंजी म्हणाले नाहीत. दोन वर्षांमागं लढाईवरनं रजेवर आला होतास तेव्हा तू ओसरीवर चार माणसांत त्यांना म्हणालास, की माझ्या बहिणीला बैलगाडीत घालून तुम्ही तिचं मूल मारलंत. तेव्हापासनं ते तुझं नाव घेत नाहीत आणि तू आमचा उंबरा चढत नाहीस. हे तिकडं पलटणीत, रजा मिळायची चिन्हं नाहीत. मग मी विचारू कुणाला? मला लय भ्या वाटतंय, दादा. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी शालू

*

सातारा,
ता. १९ ऑक्टोबर १९४६

चि. सौ. शालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आधी एक काम कर. त्या मेस्त्रीला वाटेतच अडव आणि इंजिनाला हात लावू देऊ नकोस. ज्याला दुखणं उमगत नाही तो आधी पोट फाडायला निघतो. असले मी पलटणीत लय बघितलेत.

मोटारीला जगायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, वारा आणि ठिणगी. चालती गाडी बंद पडली म्हणजे यातलं काहीतरी तिला मिळेनासं झालं. कुठलं, ते ती स्वतःच सांगते, ऐकणारा पाहिजे. म्हणून मला नीट बघून कळव. बंद पडताना दिवा विझावा तशी एकदम पडते, का आचके देत पडते? एकदम पडली तर ठिणगीचं दुखणं, आचके दिले तर पेट्रोलचं. बंद पडल्यावर भोंगा वाजतो का? पाणी उकळून वाफ येते का? पंख्याचा पट्टा सैल झालाय का? किती वेळानं परत चालू होते?

तोवर चारी प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासा आणि पेट्रोलची बारीक नळी सोडवून फुंकून घ्या. तू लांब बसून सांगायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही.

मी स्वतः येऊन तासाभरात बघितलं असतं. पण नानासोंनी बोलावल्याशिवाय यायचं नाही असं मी बोलून बसलोय आणि ते बोलवायचे नाहीत. दोघं एकाच मातीचे. तरी एवढं ध्यानात ठेव, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गाडी बरी झाली नाही, तर मी येईन आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून ती दुरुस्त करीन. घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही, पण तुला बैलगाडीत बसू देणार नाही.

रात्रीची झोप घे आणि वेळेवर जेव.
तुझा दादा लालासाहेब

*

मळेवाडी,
ता. २८ ऑक्टोबर १९४६

तीर्थस्वरूप दादास,
शालूचा नमस्कार. वि. वि.

दिवाळी झाली. ओवाळायला तू नव्हतास, म्हणून भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. चंद्रानं ताटात काही घातलं नाही, तेव्हा ते तुझ्याकडं लागू.

तुझं पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं नाही. गोठ्यात जाऊन म्हशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मामंजी पलीकडं दावं वळत बसले होते. मान वर केली नाही. पण सकाळी बघते तर चारी प्लग पोत्यावर ओळीनं मांडलेले आणि मामंजी घासतायत. म्हैस लय हुशार निघाली म्हणायची. दुपारी परत गोठ्यात आले आणि म्हशीलाच म्हणाले, की ते नळीचं काय होतं ते पुन्हा एकदा वाच म्हणावं.

आता तुझ्या सवालांची उत्तरं. गाडी एकदम पडत नाही, उचकी लागल्यासारखी आचके देते आणि मग बसते. भोंगा मात्र खणखणीत वाजतो. वाफ नाही, पट्टा घट्ट आहे. वीसेक मिनिटांनी परत चालते. प्लग घासले, नळी फुंकली, काही उपयोग झाला नाही. उलट दुखणं वाढलंय. दसऱ्याच्या सुमाराला सहा मैल जायची, मग चार झाले, काल तर तिसऱ्या मैलावरच बसली. मामंजी महिन्याची पेट्रोलची कुपनं असली तपासणी करण्यातच संपवतायत.

मग सासूबाई तरी कशा मागं राहतील? आत्याबाईंनी गाडीची दृष्ट काढली. दर मंगळवारी तिला नैवेद्यही दाखवतात. मी नको म्हटलं नाही. या घरात जो तो आपल्या परीनं माझ्यासाठी धडपडतोय, कुणाला म्हणून नको म्हणू? काल मामंजी वाट न बघता गाडी तिथंच सोडून तीन मैल चालत घरी आले आणि जेवले नाहीत.

उत्तर लवकर धाड. तुझ्या मायेवरच दिवस काढतेय.
शालू

*

सातारा,
ता. ३ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेचं लुगडं घेऊन ठेवलंय. चंद्राच्या नावानं बोंब मारू नकोस.

त्या म्हशीला माझ्या कारखान्यात नोकरी देतो म्हणून सांग.

दुखणं पेट्रोलचंच आहे. पण नळी साफ, आणि मैल दर आठवड्याला कमी होतायत, म्हणजे काहीतरी हळूहळू बुजत चाललंय. दोन रात्री यावरच डोकं खाजवलं. आता सांगतो ते मामंजींना, नाहीतर म्हशीला, नीट समजावून सांग.

गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं आणि थांबतं. वरून दुसरं भोक पाडलं की धार लागते. का, तर तेल बाहेर यायला आत वारा जावा लागतो. मोटारीच्या टाकीचं तसंच असतं. मागच्या बाजूला पेट्रोल ओतायचं जे झाकण आहे, त्याच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकीत वारा जात नाही आणि पेट्रोल आतच अडकून बसतं. थांबल्यावर कुठूनतरी थोडा वारा शिरतो, म्हणून ती पुन्हा चालते.

तेव्हा पुढच्या खेपेला गाडी बसली की वीस मिनिटं वाट बघू नका. लगेच झाकण सैल करा. आत वारा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी तिथंच चालू झाली, तर दुखणं सापडलं. नाही झाली, तर मी निघालोच.

अंगाला जप. आता तुझ्याखेरीज दुसऱ्या कशात चित्त नाही.
दादा

*

मळेवाडी,
ता. १० नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप दादास,
शालूचा नमस्कार, म्हशीचाही. वि. वि.

सापडलं रे, दादा. मामंजी काल एकटेच गेले. अडीच मैलांवर गाडी बसली. झाकण फिरवलं तर साप फुत्कारावा तसा आवाज झाला म्हणे, आणि हँडल मारल्याबरोबर गाडी सुरू. घरी येऊन त्यांनी झाकण माझ्यापुढं धरलं. त्यावर बोटभर जाड थर, गूळ, कुंकू, तांदूळ, एकावर एक, वाळून दगड झालेला. पेट्रोल ओतताना दिसायचा, पण पूजेचा म्हणून कुणी खरवडला नव्हता.

झालं होतं असं. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा झाली. नांगराच्या फाळाला, कोयत्याला, विळ्याला गुळाचा खडा लागला. आत्याबाईंच्या मनात आलं, बाकीची अवजारं मुकी, पण ही मोटार तर खाते-पिते. मग तिचा घास तिच्या तोंडालाच लावला पाहिजे. पेट्रोल ओततात ते तोंड, म्हणून झाकणावर ओला गूळ थापला. गाडी बंद पडायला लागली तसं त्यांना वाटलं देवी रुसली, म्हणून दर मंगळवारी त्यावर आणखी एक थर. बिचाऱ्या जितक्या भक्तीनं थापत होत्या, तितकी गाडी लवकर बसत होती.

मामंजी रागावले नाहीत. पायरीवर बसून हसले, पोट धरून हसले. हसता हसता त्यांचा आवाज फिरला आणि पागोट्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले. मग गरम पाणी आणि दाभण घेऊन ते भोक स्वतः मोकळं केलं. आज इस्लामपूरला जाऊन आले, येऊन-जाऊन अठरा मैल, एकदाही थांबली नाही. आत्याबाई मात्र कालपासनं फुगून आहेत. तुला विचारायला सांगितलंय, की मग नैवेद्य ठेवायचा तरी कुठं.

आज मी पोटभर जेवले. तुझे उपकार मानले तर तू मारशील, म्हणून नुसती माया पाठवते.
शालू

*

सातारा,
ता. १६ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्याबाईंना म्हणावं, नैवेद्य पुढच्या चाकापाशी ठेवायचा आणि गाडी निघायच्या आत घरातल्या माणसांनी खायचा. मोटारशास्त्रात असंच आहे.

आता गाडी उताराला, तोंड रस्त्याकडं करून उभी ठेवा. पेट्रोलचा एक डबा भरून बाजूला काढा, गुळाचा भाव बघायला जायचं म्हणूनसुद्धा वापरू नका. रोज सकाळी पाणी बघून एकदा चालू करून ठेवा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांग, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जातं.

एक मनातलं लिहितो. मूल तुझं गेलं, आणि ओसरीवर राग मात्र मी काढून घेतला. नानासो त्या दिवशी एक शब्द उलटून बोलले नव्हते, ते आता आठवतं. पण बोललेलं मागं घ्यायला अजून जीभ वळत नाही. तू सुखरूप मोकळी हो, मग बघू.

देव तुला सांभाळो, आणि तो कमी पडला तर मी आहे.
दादा

*

मळेवाडी,
ता. १४ डिसेंबर १९४६

राजमान्य राजश्री लालासाहेब यांस,
नानासोचा रामराम.

मला लिवाय येत न्हाई, सूनबाईला सांगून लिवतोय. तुमाला तार केलीच व्हती. गेल्या म्हयन्याच्या अठ्ठावीसला दुपारी कळा लागल्या. तवाच गाडीत घातली. पंचवीस मैल सवा तासात गेलो, गाडी कुटं अडली न्हाई. डॉक्टरीणबाईनं मूल फिरवून घेतलं. पोरगी झाली. लय ग्वाड हाय. दोघी परवा घरी आल्या. बाई म्हणली, आनिक तासभर उशीर झाला असता तर पोरगी हाताला लागली नसती.

तवापास्नं मला अन्न ग्वाड लागंना. म्हून तुमाला सांगायचं ठरीवलं.

तुमी समजता, पयल्या खेपेला गावात मोटार न्हवती. व्हती. माझा चुलतभाऊ भाऊसो, त्याची मोटार एरवी बाहेरगावीच असायची, पर त्या दिशी त्याच्या दारात उभी व्हती. आमच्या ओसरीवरनं दिसत व्हती. पर बांधावरनं आमचं बोलणं बंद हुतं. घरातली म्हणली, आवं, जावा, हात जोडा त्येला. मी म्हणलो, त्याच्या दारात जाणार न्हाई. आन् बैलं जुपली. त्यो न्हाई म्हणला नसता. मी इचारलंच न्हाई.

हे आमा नवरा-बायकोबिगर कुणाला ठावं न्हाई. सूनबाईला आज कळतंय, लिवता लिवता. तिचा हात थांबलाय. लिव म्हणलो. तोंडावर सांगायची छाती झाली न्हाई, म्हून तिच्या हातानं तुमाला सांगतोय.

तुमी ओसरीवर बोललासा त्यात खोटं काय न्हवतं. तुमाला ठावं व्हतं त्याच्यापरीस ते जास्तीच खरं व्हतं. म्हून मी उलटून बोललो न्हाई. मला तुमचा राग कवाच न्हवता, माझी मलाच लाज व्हती.

रविवारी बावीस तारखंला पोरीचं बारसं हाय. भाऊसोच्या दारात जाऊन त्येला बलावनं करून आलोय. तुमी आलासा तर माझ्या जिवाला बरं वाटंल. न्हाई आलासा तरी तुमची चूक धरणार न्हाई.

तुमच्या बहिणीच्या घराला परका म्हणू नका, एवढंच मागणं.
नानासो

दादा, वरचं सगळं मामंजींनी सांगितलं तसं लिहिलंय. एक वाक्य तेवढं सोडलं. शेवटी ते म्हणाले, लिव, की सूनबाईनं मला कवा माफ करू नये. मी ते लिहिलं नाही आणि झालं लिहून असं सांगितलं. त्यांना वाचता येत नाही.

बराच वेळ मला त्यांच्याकडं बघवलं नाही. माझा पहिला आठवला आणि मी लय रडले. ते समोर मान खाली घालून बसून राहिले, उठून गेले नाहीत. मग पोरगी जागी होऊन रडायला लागली. मी उचलून त्यांच्यापुढं धरली, तर त्यांनी हात मागं घेतले. तेव्हा मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हे लिहायला आत आले. आता ती गप झाली आहे. तू रविवारी ये, दादा.
शालू