डावी अक्कलदाढ

७ जून, सकाळ
आज अक्कलदाढ काढायची. सून म्हणाली, सोबत येते. म्हटलं, दाढ काढायची आहे, मिरवणूक नाही. दुपारी दाढ, संध्याकाळी वृद्धाश्रमात ताईकडे वाचन. दृष्टी गेल्यापासून ताईच्या डोक्यात माणसांची सरमिसळ झाली आहे. पोटच्या मुलालाही "आपण कोण?" विचारते. मला मात्र आवाजावरून अचूक ओळखते. "आला आमचा भोंगा!" म्हणते. शाळेत जन्मभर वक्तृत्व शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईला हे नाव शोभत नाही, पण असो. तिला वाचून दाखवतेय त्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं उरलीत.

७ जून, संध्याकाळ
दंतवैद्य अगदीच कोवळा निघाला. म्हणे आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, बोलणंही कमी करा. रक्त तोंडात ठेवून बसू? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावत. जिची खळखळ व्हरांड्यात ऐकू आली नाही, ती पुन्हा रांगेच्या शेवटी. मी कधी शेवटी गेले नाही. घरी आल्याबरोबर तांब्याभर पाणी संपवलं. एक काळी गुठळी पडली. बरं झालं, घाण गेली.
ताईकडे उद्या.

९ जून
कान, कानशील, मान, सगळं ठणकतंय. कोवळ्याने दाढ नीट काढलेली नाही, हे उघड आहे. गुळण्या वाढवल्या.

१० जून
कोवळ्याने विचारलं, चूळ भरली होती का? म्हटलं, मी स्वच्छ बाई आहे. तर म्हणाला, ती गुठळीच जखमेवरची पट्टी होती, आता आतलं हाड उघडं पडलंय. लवंगेच्या वासाचं काहीतरी भरलं आणि गुळण्या बंद करायला सांगितल्या. म्हणजे चूक माझी! याची वर तक्रार करणार आहे.
ताईकडे परवा, नक्की.

१४ जून
गाल फुगला. ताप. तोंड बोटभरही उघडत नाही. सुनेनं विचारलं, गुळण्या चालूच होत्या ना? कमी केल्या होत्या, असं मानेनं सांगितलं. तिनं टॅक्सी बोलावली.

१९ जून
हॉस्पिटलमधून घरी. सर्जनने आत चिरून पू काढला, हाड खरवडलं. ओठ, हनुवटी आणि जिभेची डावी बाजू बधिर आहे. भुलीचा अंमल असणार. सर्जन म्हणतात, नस दुखावलीय. संवेदना काही महिन्यांत येईल, नाहीतर येणार नाही. एवढं मलाही सांगता आलं असतं.

२१ जून
चहा हनुवटीवरून ओघळतो, ते ब्लाउज ओला झाल्यावर कळतं. आरशासमोर प, फ, ब, भ, म सुरू केलं. किती तोतऱ्या मुलांना या हातांनी बक्षिसं मिळवून दिली, स्वतःचा ओठ काय मोठा. फोन उचलला तर गॅसवाला म्हणाला, काका, घरात बाई माणूस असेल तर द्या. ठेवून दिला.

२४ जून
वृद्धाश्रमातून फोन. ताई विचारते, भोंगा कुठाय? मेट्रनने दाढेचं सांगितलं तिला. सून म्हणाली, नुसता हात धरून बसा. हात धरायला कोणीही जाईल. मी वाचायला जाते. सोमवारपर्यंत आवाज येईल.

३० जून
सोमवार आला. पुढच्या सोमवारी.

४ जुलै
मेट्रन म्हणाली, ताई दोन घास खाऊन ताट सारते. संध्याकाळी खुर्ची दाराकडे वळवून मागते. मेट्रनला अतिशयोक्तीची सवय आहे. तरीही मी जरा लवकर जावं म्हणते.

८ जुलै
इस्त्रीची साडी नेसले. आरशासमोर पहिला परिच्छेद म्हटला. मला तरी स्पष्ट ऐकू आला.

ताईची खुर्ची दाराकडेच होती. मनगटं काडीसारखी झालीत. म्हटलं, ताई, मी आले. तिनं पदर सारखा केला.

"या, बसा. आपण कोण?"

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग पुस्तक उघडलं आणि राहिलेल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक शब्द जपून उच्चारला. पाहुण्यांचं ऐकावं तसं तिनं थोडा वेळ ऐकलं. मग चाचपडत माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या हो. तुम्हाला किती त्रास होतोय. आमचा भोंगा येईल ना संध्याकाळी. दाढ काढलीय तिनं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं केलं असेल. जन्मात कुणाचं ऐकलं नाही. पण पुढचं तिच्याशिवाय वाचायचं नाही, असं ठरलंय आमचं."

बरं, म्हणाले. पानात खूण घातली. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

उठले तेव्हा म्हणाली, "जाताना दार उघडंच असू द्या."

उघडं ठेवून आले.