चार तासं

अप्पा, आज आपल्या रानाची मोजणी झाली. अर्ज मीच दिला होता, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. शाळेतून रिटायर होऊन संतपूरला राहायला आले आणि आल्या आल्या बायकांनी कान भरायला सुरुवात केली. बाईमाणसाचं रान म्हणजे वाटेवरची बोर, येईल तो झोडपतोय! पहाणीचा, म्हणजे सातबाऱ्याचा, उतारा काढला तर कागदावरचं रान आणि जागेवरचं रान जुळेना. शेजारच्या काकांच्या बाजूनं चार तासं, नांगराच्या चार ओळींएवढी पट्टी, कमी भरायली होती. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. ताटावर बसलं की घास फिरायचा. आज मी सोडलं तर उद्या बांध कोरत कोरत विहिरीपर्यंत येतील, असंच सारखं वाटायचं.

सकाळी मोजणीवाला आला. काकाही आले, काठी टेकत. आता फार थकलेत हो ते, तुम्ही ओळखलं नसतं. मोजणीवाल्यानं खुणा केल्या त्या थेट त्यांच्या उभ्या ज्वारीत. काका त्याच्याशी भांडले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तू व्हतीस की त्या येळवशीला. तुज्या अप्पानं काय केलतं ते सांग ह्येला. तू मास्तरीण हायस, तुजं ऐकंल त्यो." सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. मी म्हणाले, "मला काय आठवत न्हाई, काका." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग स्वतःच म्हणाले, "व्हय, ल्हान व्हतीस म्हणा." अप्पा, मला खोटं पाडायचं सोडून त्यांनीच मला सबब काढून दिली! वर मोजणीवाल्याला म्हणाले, "ज्वारी निघूस्तर दगड रोवू नका, तेवढं करा." मी "थांबू की" म्हणाले, जसं काय मीच त्यांच्यावर उपकार करायलेय.

आठवत नाही कसं? अकरा वर्षांची होते मी त्या येळवशीला, वेळा अमावस्येला. कडब्याच्या खोपीत पूजा झालेली, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास सुटलेला, आणि तुम्ही आंबील शिंपत रानाला फेरी मारायला निघालात. मडकं माझ्या हातात. काकांच्या अंगाला आल्यावर तुम्ही बांधाच्या चार तासं अलीकडूनच वळता. मी ओरडते, "अप्पा, चुकलाव! तिकडलं ऱ्हायलं की!" तुम्ही म्हणता, "चुकलो न्हाई. काकानं आपल्याला गाडीवाट दिली, आपण त्येला चार तासं दिली. तेवढं आता त्येचं." मी हट्टी, तरी मडक्यात हात घालून पलीकडं शिंपडलं. तेव्हा माझा कान असा पिळलात की डोळ्यांत पाणी आलं. "दिल्यालं परत शिंपू ने." मी विचारलं, कागद करायचा नाही का? तुम्ही हसलात. "कागद कामून? सारं शिवार बघायलंय की." येळवशीला शेजारपाजारची माणसं रानातच जेवायला असायची, सगळ्यांनी बघितलं होतं खरंच. त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी मिळून बांध सरकवला, आणि दगड मी आणून दिले, परकराच्या ओच्यातून. बघणारे सगळे एकेक करून गेले, अप्पा. तुम्हीही गेलात. राहिले काका आणि मी.

अर्ज लिहिताना हे मला आठवत होतं. ठरवूनच बाजूला ठेवलं होतं मी, कागदात नाही ते नाहीच म्हणून. तुमच्यावर रागही आला होता. एक ओळ लिहून ठेवली असती तर काय हात झिजले असते तुमचे? तुम्ही शब्दावर मोकळे झालात आणि निस्तरायला मी.

मोजणी झाल्यापासून कान गाडीवाटेकडं लागलेत. काकांनी उद्या काट्याचा फास टाकून वाट बंद केली तर माझ्या रानात बैलसुद्धा जायचा नाही, आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार? दुपारी ट्रॅक्टर पाठवला आणि तो परत येईस्तोवर मी दारातच उभी होते. ड्रायव्हर परत येऊन म्हणाला, "काका वाटंवरच बसले व्हते, अक्का. मला बघून बाजूला सरले, म्हणले, जा, जा." त्यांनी वाट अडवली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं मला.

ज्वारी निघायला अजून महिनाभर आहे. तोवर मोजणीवाल्याला खरं काय ते सांगता येईल, चार ओळींचा अर्ज, त्याला कितीसा वेळ? पण गाव म्हणंल, मास्तरीण सगळ्यांदेखत खोटं बोलली. हे तुम्हाला धाडता येत नाही, म्हणूनच एवढं खरं लिहवलं. काकांचं घर इथून तीन घरं टाकून आहे, दार उघडंच असतं, आणि संध्याकाळपासून दोनदा चप्पल घालून मी परत काढून ठेवली.